भूत नाही हे ठाऊक असूनही ‘महल’ अंगावर का येतो?

भुताच्या सिनेमाचं गुपित एकदा कळलं की त्यात पुन्हा बघण्यासारखं काही उरत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. बऱ्याच सिनेमांच्या बाबतीत ते खरंही आहे. १९४९ सालचा ‘महल’ मात्र त्यात बसत नाही. त्यातलं भूत हे भूत नाहीच, ही गोष्ट पंच्याहत्तर वर्षांत सगळ्यांना माहीत झाली आहे. ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्याही कानावर ती कुठून तरी आलेली असते. तरीही रात्री दिवे मालवून तो लावावा, पडद्यावरच्या घड्याळात दोनचे टोले पडावेत आणि लांबून कुठून तरी ‘आयेगा आनेवाला’च्या आधीची ती संथ ओळ यावी, की आपण नकळत श्वास धरून ऐकायला लागतो. हे कशामुळे होतं, ते जरा निवांतपणे समजून घेऊ. त्यासाठी गोष्ट शेवटापर्यंत सांगावी लागणार आहे. कोऱ्या मनानं सिनेमा बघायचा असेल त्यांनी तो आधी बघावा आणि मग पुढचं वाचावं.

‘महल’ बॉम्बे टॉकीजचा. लेखन आणि दिग्दर्शन कमाल अमरोहींचं. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिलाच सिनेमा. नायक अशोककुमार, आणि नायिका मधुबाला, जिचं वय तेव्हा अवघं सोळा होतं. संगीत खेमचंद प्रकाश यांचं, गाणी नक्शब यांची आणि कॅमेरा योसेफ वीर्शिंग या जर्मन छायालेखकाचा. वीर्शिंग यांच्याकडे पुन्हा यायचंच आहे.

अलाहाबादला नदीकाठी ‘संगम भवन’ नावाचा ओसाड महाल आहे. हरिशंकर हा त्याचा नवा मालक एका वादळी रात्री तिथं राहायला येतो. म्हातारा माळी त्याला वास्तूची कहाणी सांगतो. चाळीसेक वर्षांपूर्वी एका माणसानं हा महाल बांधला. कामिनी नावाची त्याची प्रेयसी दिवसभर त्याची वाट बघत बसे. तो मध्यरात्री येई आणि उजाडायच्या आत निघून जाई. एका रात्री तो नदीत बुडाला. आपलं प्रेम वाया जाणार नाही, असं तो जाता जाता तिला सांगून गेला. पुढं थोड्याच दिवसांत तीही गेली. कहाणी ऐकून शंकर आत जातो, भिंतीवरची एक तसबीर खाली पडते, आणि तो बघतो तर तिच्यातला माणूस हुबेहूब त्याच्यासारखा आहे. मग ते गाणं ऐकू येतं.

शंकरची खात्री पटत जाते की मागल्या जन्मी महाल बांधणारा तो माणूस म्हणजे आपणच. श्रीनाथ हा त्याचा वकील मित्र त्याला परोपरीनं समजावतो, पण उपयोग होत नाही. घरचे त्याचं रंजनाशी लग्न लावून देतात. तो बायकोला घेऊन दूर रानात जाऊन राहतो, तरी कामिनी डोक्यातून जात नाही. शेवटी रंजना विष घेते आणि पोलीस ठाण्यात जाऊन मरता मरता नवऱ्यावर खुनाचा आळ घेते. खटला उभा राहतो, आणि कोर्टात उलगडा होतो की कामिनी म्हणजे माळ्याची मुलगी आशा. भूत कधी नव्हतंच.

## दचकणं वेगळं, धास्ती वेगळी

‘घाबरलो’ असं म्हणताना आपण दोन निराळ्या गोष्टी एकाच शब्दात घालतो. त्यातली पहिली म्हणजे दचकणं. कानाजवळ अचानक मोठा आवाज झाला की डोळे मिटतात, मान आत जाते, खांदे वर येतात. हे सगळं विचार करायच्या आधी घडून जातं. त्यात बुद्धीला काही विचारलेलं नसतं. पण तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकला की शरीर त्याला सरावतं आणि दचकणं कमी होत जातं. नुसत्या दचकवण्यावर उभे असलेले सिनेमे दुसऱ्यांदा बघताना पोकळ वाटतात ते यामुळेच. दार कधी आपटणार आणि मांजर कुठून उडी मारणार, हे अंगाला आधीच माहीत झालेलं असतं.

धास्तीचं तसं नाही. तिला वेळ लागतो. काहीतरी येणार आहे आणि अजून आलेलं नाही, या मधल्या जागेत ती राहते. काय येणार हे माहीत असलं तरी धास्ती ओसरत नाही, उलट वाढूही शकते. ‘महल’मध्ये दचकवण्याच्या जागा फार थोड्या आहेत. तसबीर पडते तेवढी पडते. बाकी सगळा भर वाट बघण्यावर आहे, आणि खुद्द गाण्याचे शब्दही ‘येणारा येईल’ एवढंच सांगतात. म्हणून तो दुसऱ्यांदा बघताना पहिल्या वेळेपेक्षा फारसा कमी पडत नाही.

ही धास्ती तयार कशी केली आहे, ते सर्वांत स्पष्टपणे त्याच्या आवाजात सापडतं.

## लांबून येणारा आवाज

डोळे मिटलेले असताना कुणी बोललं तर ते माणूस जवळ आहे की लांब, हे आपल्याला बऱ्यापैकी कळतं. ते केवळ आवाजाच्या लहानमोठेपणावरून कळत नाही. जवळचा माणूस कुजबुजला तरी तो जवळच वाटतो आणि लांबचा ओरडला तरी लांबच. कान इथं एक हिशेब करत असतो. बंद जागेत आवाज आपल्यापर्यंत दोन वाटांनी पोचतो. एक सरळ, तोंडातून कानात. दुसरी वाट भिंती, छत, फरशी यांच्यावर आपटून, फिरून येणारी. माणूस जवळ असतो तेव्हा सरळ येणारा आवाज ठळक असतो आणि फिरून येणारा त्याच्या मागं लपतो. माणूस लांब गेला की सरळ येणारा आवाज क्षीण होतो, पण भिंतींवरून फिरून येणारा जवळपास तेवढाच राहतो. दोहोंचं प्रमाण बदलतं, आणि त्या प्रमाणावरून कान अंतर ठरवतो. इमारतीच्या जिन्यात तळमजल्यावरून कुणी हाक मारली की शब्द विरघळल्यासारखे होतात आणि घुमणं तेवढं वर येतं, ते याच कारणानं.

आता हे गाण्यात आणायचं कसं? ध्वनिमुद्रणानंतर नुसता आवाज लहान केला तर गाणारी लांब गेल्यासारखी वाटत नाही. जवळच ठेवलेला रेडिओ बारीक केल्यासारखं वाटतं. आज संगणकावर घुमारा वाढवून हे चुटकीसरशी साधता येतं. १९४९ साली तशी सोय नव्हती. आवाज थेट फिल्मवर उमटवला जाई, गायिका आणि वादक एकत्र बसत, आणि मध्ये चूक झाली की गाणं पुन्हा पहिल्यापासून.

लता मंगेशकर यांनी या ध्वनिमुद्रणाची आठवण नंतर अनेकदा सांगितली आहे. मायक्रोफोन खोलीच्या मध्यावर ठेवलेला होता. त्या एका कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि ‘खामोश है जमाना’ ही सुरुवात गात गात सावकाश मायक्रोफोनकडं चालत आल्या. ‘आयेगा’ हा शब्द येईपर्यंत त्या मायक्रोफोनपाशी पोचायच्या. म्हणजे गाण्यातलं अंतर खोटं नाहीच. एक विशीची मुलगी खरोखर खोली ओलांडून येत होती, आणि सरळ आवाज नि फिरून येणारा आवाज यांचं प्रमाण तिच्या प्रत्येक पावलागणिक बदलत होतं. आपला कान जो हिशेब जन्मभर करत आला आहे, त्याला इथं खरेच आकडे मिळतात. म्हणून बुद्धी ‘हे गाणं आहे’ म्हणत असताना कान ‘कुणीतरी जवळ येतंय’ असं सांगतो. या दोघांच्या भांडणात अंगावर जो काटा येतो, त्याला भुतावर विश्वास असण्याची गरज नाही.

हेडफोन लावून हा भाग एकदा नीट ऐका. गाण्याच्या या सुरुवातीला ठेका नाही. ठेका असला की पुढची मात्रा कधी पडणार हे आपल्याला कळत असतं आणि शरीर निश्चिंत असतं. इथं ओळ संपते, मध्ये पोकळी राहते, आणि पुढची ओळ कधी येईल याचा अंदाज बांधता येत नाही. मग गाण्याला लय मिळते आणि भीतीचं रूपांतर हुरहुरीत होतं. खेमचंद प्रकाश यांनी एकाच गाण्यात हे दोन्ही भाव शेजारी शेजारी ठेवले, हे मला या सिनेमातलं सगळ्यांत मोठं काम वाटतं. दुर्दैवानं त्यानंतर ते फार काळ राहिले नाहीत.

याला आणखी एक पदर आहे. फ्रेंच अभ्यासक मिशेल शिओ यांनी सिनेमातल्या आवाजावर लिहिताना एका गोष्टीकडं लक्ष वेधलं आहे: जो आवाज ऐकू येतो पण ज्याचा धनी दिसत नाही, त्याला एक विलक्षण ताकद मिळते. तो कुठंही असू शकतो, सगळं बघू शकतो, असं आपण मनोमन धरून चालतो. बोलणाऱ्याचं तोंड दिसलं की ही ताकद गळून पडते. ‘महल’ नेमकं हेच करतो. आवाज आधी येतो, बाई नंतर दिसते, आणि दिसते तीही लांबून, झोक्यावर, ओझरती. शंकर जवळ जातो तोवर ती निघून गेलेली असते. म्हणजे आवाज जवळ येत राहतो आणि देह दूर जात राहतो.

आता हा आवाज त्या देहाचा नाहीच, हे प्रेक्षकांना माहीत असायला हवं होतं. पार्श्वगायन आपल्याकडं १९३५ पासून सुरू झालेलं होतं. पडद्यावर एकजण ओठ हलवतो आणि गाणारा दुसराच असतो, ही तडजोड १९४९ पर्यंत अंगवळणी पडली होती. पण त्या काळी तबकडीवर गाणाऱ्याऐवजी पात्राचं नाव छापायची पद्धत होती. या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’. म्हणजे पडद्यावर जी बाई अस्तित्वातच नाही, तिच्या नावानं आवाज बाजारात गेला. ही गाणारी कोण, असं विचारणारी पत्रं रेडिओकडं येऊ लागली, आणि मग लता मंगेशकर हे नाव लोकांना सांगण्यात आलं. मास्टर विनायकांच्या कंपनीत छोट्या भूमिका करून घर चालवणारी मुलगी त्या एका वर्षात देशाच्या कानात बसली. ‘बरसात’, ‘अंदाज’, ‘दुलारी’, ‘बडी बहन’ हे सगळे सिनेमे त्याच १९४९ सालचे. पण शंकर ज्या अवस्थेत सापडतो, म्हणजे आवाज मिळाला आहे आणि आता त्याचा चेहरा शोधायचा आहे, त्या अवस्थेत त्या वर्षी खरोखरच असंख्य माणसं होती. सिनेमातलं गूढ आणि सिनेमाबाहेरचं गूढ इतकं एकमेकांत मिसळल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

## अंधार दाखवायचा कसा

कॅमेऱ्याला अंधार दाखवता येत नाही. पूर्ण अंधार म्हणजे नुसता काळा पडदा. अंधाराचा भास हवा असेल तर प्रकाशच लागतो, फक्त तो कुठं टाकायचा नाही हे ठरवावं लागतं. साधारण प्रसंगात चेहऱ्यावर एक मुख्य दिवा असतो, त्याला कॅमेरावाले की लाइट म्हणतात. त्यानं ज्या सावल्या पडतात त्या मऊ करायला समोरून दुसरा, फिल लाइट. हा दुसरा दिवा कमी करत नेला की सावल्या गडद होतात, चेहऱ्याची एक बाजू दिसेनाशी होते, खोलीचे कोपरे हरवतात. कोपऱ्यात काय आहे हे दिसलं नाही की बघणाऱ्याचं मन तो कोपरा आपल्या परीनं भरायला लागतं.

हे तंत्र पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन सिनेमानं फार पुढं नेलं होतं, आणि ते मुंबईला आलं त्याची कहाणी मालाडची आहे. हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली तेव्हा त्यांनी जर्मनीहून तंत्रज्ञ आणले. फ्रांझ ऑस्टेन दिग्दर्शनाला होते आणि म्युनिकचे योसेफ वीर्शिंग कॅमेऱ्यावर. १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून इंग्रज सरकारनं या मंडळींना स्थानबद्ध केलं. युद्ध संपल्यावर वीर्शिंग पुन्हा कामावर आले. त्याच स्टुडिओत प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून लागलेला आणि १९३६ मध्ये नायक झालेला अशोककुमार आता कंपनीचा कारभार बघत होता. ‘महल’ या दोघांच्या दीर्घ ओळखीतून आला आहे, आणि अशोककुमारचा चेहरा अर्धा अंधारात ठेवूनही त्यातलं वेड दिसत राहतं, त्यामागं ती ओळख असणार. पुढं कमाल अमरोहींनी ‘पाकीजा’ हाती घेतला तेव्हाही कॅमेरा वीर्शिंग यांच्याकडंच दिला. १९६७ मध्ये ते वारले, ‘पाकीजा’ पडद्यावर आला १९७२ मध्ये.

मालाडच्या त्या आवारात आज छोटे कारखाने आणि गाळे आहेत. भारतीय सिनेमातल्या इतक्या मोठ्या जागेची ही अवस्था मला खुपते.

## शंका दोघांत वाटून दिलेली

भुताच्या गोष्टीत शंका फार महत्त्वाची. त्स्वेतान तोदोरोव या अभ्यासकानं १९७० मध्ये याची मांडणी केली, तिचा गाभा सोपा आहे. एखादी अघटित घटना घडली की तिची दोन उत्तरं संभवतात. एक, तिच्यामागं साधं कारण आहे: कुणाचा तरी डाव, भास किंवा योगायोग. दोन, खरंच अलौकिक काही घडलं आहे आणि आपल्याला जगाचे नियम पूर्ण माहीत नाहीत. या दोहोंच्या मधे जोवर आपण हेलकावे खातो, तोवर गोष्टीची जादू टिकते. एका बाजूला पाय टेकला की जादू संपते. मग ती रहस्यकथा होते नाहीतर परीकथा.

‘महल’नं हे हेलकावणं दोन माणसांत वाटून दिलं आहे. शंकर अलौकिकाच्या बाजूला आहे, श्रीनाथ तर्काच्या. आणि खुबी अशी की सुरुवातीला श्रीनाथच्या डोळ्यांदेखतही ती बाई गच्चीवरून पाण्यात उडी घेते आणि खाली वाकून बघावं तर कुणी नाही. तर्क करणाऱ्यालाही क्षणभर उत्तर सुचत नाही. पुढं कोर्ट, साक्षी, कबुली असं सगळं कायदेशीर होऊन तर्काचा विजय होतो. पण तसबिरीतला तो चेहरा? तो शंकरसारखाच का, याला योगायोगापलीकडं उत्तर मिळत नाही. एवढी एक फट कमाल अमरोहींनी बुजवलेली नाही, आणि माझ्या मते सिनेमा पुन्हा बघावासा वाटण्यात तिचा वाटा मोठा आहे.

पुढं हिंदीत या वाटेवरून बरेच सिनेमे गेले. ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि ‘वो कौन थी’ (१९६४) या दोन्हींत लताबाईंचा लांबून येणारा आवाज आणि शेवटी माणसाचाच डाव, हा साचा स्पष्ट दिसतो. मराठीत ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) आला तेव्हा त्याचं संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं होतं, आणि भीतीचा सगळा भार तिथंही गाण्यावरच आहे.

## दुसऱ्यांदा बघताना दिसते ती रंजना

आता सर्वांत महत्त्वाचं. विशीत हा सिनेमा बघताना मन शंकर आणि कामिनीपाशी अडकलेलं असतं. ती खरी की खोटी, ते एकत्र येणार की नाही, एवढंच दिसतं. वय वाढल्यावर आणि गुपित माहीत असताना बघायला बसलो की नजर आपोआप इतरांकडं जाते.

रंजना ही पहिल्या वेळी मधे येणारी अडचण वाटते. दुसऱ्या वेळी ती या सिनेमातली एकमेव व्यक्ती वाटते जिच्यावर खरोखर काहीतरी भयंकर गुदरतं आहे. लग्न होऊन ती अशा नवऱ्याच्या घरी येते जो तिच्याकडं बघायलाही तयार नाही. तो तिला माणसांतून उठवून रानातल्या खोपटात नेऊन ठेवतो, जिथं साप आहेत, वटवाघळं आहेत आणि बोलायला कुणी नाही. महालातून आलेलं घड्याळ रात्री दोनचे टोले देतं आणि नवरा उठून बाहेर धावतो. तिच्या बाजूनं बघितलं तर भुताटकीच्या घरात राहणारी बाई हीच. फरक इतकाच की तिला छळणारं सगळं हाडामांसाचं आहे, आणि त्याबद्दल तिनं कुणाकडं दाद मागावी याची काही सोयच नाही. तिचं शेवटचं कृत्य क्रूर आहे यात शंका नाही. विष स्वतः घ्यायचं आणि आळ नवऱ्यावर ठेवायचा. पण तोवर तिच्याकडं दुसरं कुठलंही हत्यार कुणी ठेवलेलं नसतं.

आणि आशा. गुपित माहीत असलं की कामिनीचा प्रत्येक प्रसंग उलटा वाचता येतो. माळ्याची मुलगी लहानपणापासून ही एकच कहाणी ऐकत वाढली आहे. ज्या महालात बापाची नोकरी, त्याच महालाची प्रेमकथा तिच्या डोक्यात घर करून बसली. नवा मालक आला, त्याचा चेहरा तसबिरीशी जुळला, आणि ती कहाणीत शिरली. माळ्याची मुलगी म्हणून तिनं मालकासमोर उभं राहायचं म्हटलं असतं तर त्यानं तिच्याकडं मान वर करून बघितलंही नसतं. भूत म्हणून मात्र तो तिच्यासाठी घरदार सोडायला तयार होतो. कामिनी एका प्रसंगी शंकरला सुचवते की माळ्याच्या मुलीच्या देहातून आपण परत येऊ शकू. पहिल्या वेळी हे ऐकताना अंगावर काटा येतो. दुसऱ्या वेळी कळतं की एक गरीब मुलगी स्वतःचाच देह, स्वतःचीच ओळख त्याच्यापुढं ठेवते आहे आणि त्यासाठी तिला आधी मेलेली बाई व्हावं लागतं आहे. सोळा वर्षांच्या मधुबालानं हे दोन्ही एका चेहऱ्यावर पेललं आहे. कामिनी म्हणून ती पापणी न लवता बोलते; कोर्टात आशा म्हणून बोलताना तिचा सगळा तोल बदलतो. हे बघायचं असेल तर गुपित माहीत असणं ही पूर्वअटच आहे.

म्हणून या सिनेमाला ‘शेवटी भूत खोटं निघतं’ असं म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. झपाटलेपण खरंच आहे. शंकर झपाटलेला आहे, आशा झपाटलेली आहे, आणि दोघांनाही झपाटलं आहे ते एका गोष्टीनं. त्यात रंजना मरते. शंकरला फाशीची शिक्षा होते. तो श्रीनाथला आशाशी लग्न करायला सांगतो. मग रंजनाचं पत्र सापडतं आणि तो सुटतो, पण तोवर लग्न होऊन गेलेलं असतं. महालात परतून खुर्चीत बसल्या बसल्या तो जातो. जुनी कहाणी अपुरी राहिली होती, तशीच नवीही अपुरी राहते.

काळाच्या ओघात काय शिळं झालं, तेही सांगायला हवं. सिनेमा अडीच तासांहून मोठा आहे आणि मधल्या भागात रेंगाळतो. संवाद उर्दू वळणाचे, देखणे, पण कधी कधी एकेक वाक्य अर्धा मिनिट चालतं. रानातल्या प्रसंगांत आदिवासींना ज्या रीतीनं रंगवलं आहे ते आज बघवत नाही. माणसांना नुसती भीतीची सजावट करून टाकलं आहे. त्या जागी सिनेमा आपल्या उंचीवरून पार खाली येतो.

आता बघायचाच असेल तर थोडं प्रतीविषयी. आपल्या कायद्यात सिनेमाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे ‘महल’ २०१० पासून सर्वांसाठी खुला आहे. यामुळे तो फुकट आणि सहज मिळतो. पण ज्याच्या हाती जी प्रत लागली ती त्यानं चढवली, असंही झालं आहे. वाईट प्रतीत नेमकं तेच मरतं ज्यावर हा सिनेमा उभा आहे. माहिती दाबून फाइल लहान करताना सर्वांत आधी काळ्या रंगातल्या बारीक छटा जातात. कोपऱ्यातला अंधार राखाडी ठिपक्यांचा होतो आणि मग त्यात काही लपू शकत नाही. आवाज ‘स्वच्छ’ करायच्या नादात गाण्यामागचं घुमणंही पुसलं जातं, आणि कोपऱ्यातून चालत येणारी लता एकदम मायक्रोफोनपाशीच उभी असल्यासारखी वाटते. त्यामुळे दोन-तीन प्रती उघडून आधी त्या गाण्याची सुरुवात ऐकावी. ज्या प्रतीत थोडी खरखर आहे पण आवाज खरंच लांबून येतो, ती निवडावी. पडद्याचा उजेड कमी करावा, खोलीतला दिवा बंद करावा, आणि मोबाइलऐवजी शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर बघावा.